पिकअपचं पहिलं वर्ष

“विमा तीन वर्षांचा काढलाय ना, मग आत्ताच नूतनीकरणाचा फोन कसा काय आला?”

नवी पिकअप घेतलेल्यांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा खासगी मोटारीला असतो, मालवाहू गाडीला नाही. पिकअपचा विमा दरवर्षी संपतो. घरात आधी मोटार असेल तर हा घोटाळा हमखास होतो, आणि लक्षात येईपर्यंत गाडी महिनाभर बिनविम्याची धावलेली असते.

बाकीचे प्रश्नही याच वळणाचे असतात. पासिंग, लायसन, टायरची हवा, गंज, प्रत्येक बाबतीत आपण मोटारीचा अनुभव पिकअपला लावतो. कायदा आणि विमा कंपनी मात्र तिला पहिल्या दिवसापासून मालवाहू गाडी म्हणूनच पाहतात. ज्यांच्या घरचा शेतमाल, दूध, मासळी, किराणा किंवा बांधकामाचं साहित्य या एका गाडीवर चालतं आणि हप्ताही त्यातूनच फिटायचा असतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

बुकिंगआधी वजनाचा हिशेब घाला

शोरूममध्ये “दीड टनाची गाडी”, “पावणेदोन टनाची गाडी” अशीच भाषा चालते. तुम्ही दोन आकडे लिहून मागा: गाडीचं मालासकट कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, आणि रिकाम्या गाडीचं वजन. आरसीवर हे दोन्ही छापलेले असतात आणि रस्त्यात अडवणारा अधिकारी तेच पाहतो.

समजा कमाल वजन २,९९० किलो आहे आणि रिकामी गाडी १,७०० किलोची. फरक १,२९० किलो. हा सगळा माल भरता येईल असं वाटतं, पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार धरलेले नसतात. दोघांचे १४० किलो वजा केले की उरतात १,१५०. टोमॅटोचं भरलेलं क्रेट स्वतःच्या वजनासकट साधारण २२ किलो धरा. म्हणजे ५२ क्रेट. नारायणगावच्या बाजारात उभ्या असलेल्या पिकअपमधले क्रेट एकदा मोजून पाहा, म्हणजे आपण रोज किती जास्त भरतो ते कळेल.

त्यात गावातल्या वेल्डरकडून बसवलेली लोखंडी जाळी किंवा उंच केलेल्या बाजू आल्या तर आणखी शंभरएक किलो गेले. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जाळी, बंद बॉडी किंवा छत हवं असेल तर ते पासिंगआधी ठरवा आणि आरसीवर तशीच नोंद होऊ द्या. नंतर केलात तर आरटीओची मंजुरी घ्या. अपघातानंतर विमा सर्व्हेअर आधी आरसी पाहतो, मग गाडी.

जादा मालाचा दंड मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असंही कायदा सांगतो. माल बाजूंनी, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही २०,००० आहेत, मग वजन कमी असलं तरी. कडब्याच्या पेंढ्या नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमचा नेहमीचा माल दीड टन असेल तर दीड टन कायदेशीर नेणारीच गाडी घ्या. लाखभर रुपये वाचवायला लहान गाडी घेऊन तिच्यावर रोज जास्त भरलं, तर ते लाखभर पाटे, टायर, क्लच आणि दंडात निघून जातात.

तीन हजार किलोची रेघ

कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर गेली की लागतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत एक या रेघेच्या आत आणि दुसरं बाहेर असू शकतं, आणि विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही. दोडामार्गहून म्हापशाला भाजी नेणारे किंवा कोल्हापूरहून बेळगावला जाणारे यांनी तर हे आधीच विचारावं, कारण मोठी पिकअप असेल तर दुसऱ्या राज्यात जाताना परमिटचा प्रश्न येतोच.

कर्जाच्या कागदावर काय वाचायचं

“फक्त आठ टक्के” असं तोंडी सांगितलं जातं तेव्हा विचारा: फ्लॅट, की घटत्या शिल्लकेवर? आठ लाखांचं कर्ज चार वर्षांसाठी आठ टक्के फ्लॅटने घेतलं तर व्याज होतं दोन लाख छप्पन हजार आणि हप्ता बसतो २२,००० रुपये. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या हिशेबात मांडला तर दर चौदा टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी अशा कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात एका आकड्यात लिहिलेलं असतं. ते हातात पडल्याशिवाय सही करू नका आणि कोऱ्या फॉर्मवर तर कधीच करू नका.

हप्त्याची तारीख तुमच्या पैशाच्या आवकीशी जुळवून मागा. दूधवाल्यांना दहा दिवसांनी पैसे येतात, द्राक्षवाल्यांना हंगामात. काही वित्त कंपन्या हंगामी हप्ते देतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. तुमचा जीएसटी नोंदणी असलेला धंदा असेल आणि त्यासाठीच गाडी घेत असाल, तर या कराचं क्रेडिट घेता येतं. मोटारीवर ते सहसा मिळत नाही, म्हणून पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. त्यासाठी बिल धंद्याच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह बनवून घ्या. एकदा वैयक्तिक नावाने निघालेलं बिल बदलणं फार जिकिरीचं होतं. क्रेडिट घेतलेल्या रकमेवर आयकरात घसारा मागता येत नाही, हेही तुमच्या कर सल्लागाराच्या कानावर घाला.

ताबा घेण्याच्या दिवशी

दिवसाउजेडी जा, आणि शक्य असेल तर ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. हार, नारळ, फोटो हे सगळं तपासणीनंतर.

- चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर आणि बिलावर अक्षर न् अक्षर जुळवा.
- विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. जानेवारीत ‘नवी’ म्हणून मिळालेली गाडी गेल्या पावसाळ्याच्या आधीची निघाली, तर किमतीत सूट मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.
- हौद्याचा फाळका तिन्ही बाजूंनी उघडा, लावा. कड्या घट्ट बसतात का, बिजागऱ्या खडखडतात का ते पाहा.
- हौद्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. बाटलीभर पाणी ओता आणि ते खाली पडतंय का ते पाहा.
- टायर पाचही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आहेत का? पाचवा विसरू नका.
- जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक, वॉरंटीचा कागद.

दुसऱ्या किल्लीबद्दल एक शब्द. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली ड्रायव्हरकडे देऊन मोकळे होऊ नका. ती घरात कागदांसोबत ठेवा.

विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. “इथला विमा घेतला नाही तर सूट मिळणार नाही,” असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

पासिंग आणि कागद

महाराष्ट्राने २०२५ मध्ये साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावला. म्हणजे कर आता सुरुवातीलाच भरला जातो. कोटेशनमधला ‘आरटीओ खर्च’ हा एकच मोघम आकडा स्वीकारू नका. कर किती, नोंदणी शुल्क किती, बोजा चढवण्याचं शुल्क किती, असा फोडून मागा. उरतो तो एजंटाचा खर्च, आणि त्यावर बोलता येतं.

कागदांच्या मुदती अशा:

- फिटनेस: नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.
- विमा: दरवर्षी.
- पीयूसी: नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. पुढे बीएस-६ गाडीला दर बारा महिन्यांनी.
- सीएनजी गाडी असेल तर: सिलिंडरची दाब चाचणी दर तीन वर्षांनी. सिलिंडरवरच्या पट्टीवर तारीख असते, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

नंबरप्लेट पिवळी, त्यावर काळे आकडे, आणि ती विक्रेत्यानेच बसवलेली उच्च सुरक्षा प्लेट. फास्टॅगवर गाडीचा वर्ग बरोबर नोंदला आहे का ते पहिल्याच टोलनाक्याच्या मेसेजवर तपासा. चुकला असेल तर टॅग देणाऱ्या बँकेकडे लगेच तक्रार करा. पुढे महिनोन्‌महिने जास्त पैसे कापले जातात आणि लक्षातही येत नाही.

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले कागद रस्त्यावर ग्राह्य आहेत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आरसीचा फोटो त्यात मोडत नाही. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याच्या मोबाइलवर ॲप सुरू करून द्या, किंवा छापील प्रती प्लास्टिकच्या पाकिटात गाडीत ठेवा.

आरसीवर आता वारसाचं नाव नोंदवता येतं. वडिलांच्या नावावर गाडी आणि धंदा मुलाचा, असं असेल तर ही नोंद नक्की करून ठेवा.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली असेल, तर ती कुणाच्या नावावर गेली याचा पुरावा मिळेपर्यंत पाठ सोडू नका. नाव बदलेपर्यंत तिने केलेल्या अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे मागितली जाते.

लायसन

मोटारीचं एलएमव्ही लायसन असलेल्या माणसाला पिकअप चालवता येते का? येते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळ्या ‘ट्रान्सपोर्ट’ शेऱ्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. या एका कारणावरून विमा कंपनी दावा फेटाळत असेल तर निकालाची तारीख लिहून उत्तर द्या. लायसनची मुदत मात्र चालू हवी. ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन परिवहन संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहा, नुसतं कार्ड पाहू नका.

विमा: न वाचलेलं कलम महागात पडतं

मालवाहू गाडीच्या सर्वसमावेशक विम्यातही दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, टायर आणि रंग यांचं नुकसान मुळात धरलेलं नसतं. गाडी पूर्ण निकामी झाली तरच ते मिळतं. आणि पिकअपला बाजारात, गाळ्यासमोर, उलटं घेताना लागतं ते नेमकं तिथेच. हे भाग विम्यात आणण्यासाठी ‘आयएमटी २३’ नावाचं जोडकलम आहे. त्याला थोडा जादा हप्ता पडतो. पॉलिसीच्या पानावर हा आकडा शोधा. नसेल तर एजंटाला फोन करून त्याचं कारण विचारा. नवी गाडी असताना ते न घेणं ही मोठी चूक आहे, असं मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरं, मालक-ड्रायव्हरचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असतो. तो आरसीवर नाव असलेल्या माणसापुरता. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, ही आपल्याकडची नेहमीची रीत. त्या मुलाला या १५ लाखांतलं काही मिळत नाही, आणि तो पगारी नसल्याने पगारी ड्रायव्हरच्या कलमातही बसत नाही. म्हणून जो रोज चालवणार त्याच्या नावावर गाडी घ्या, किंवा त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा काढा. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या जबाबदारीचं कलम, आणि गाडीसोबत हमाल जात असतील तर त्यांची संख्या, पॉलिसीत लिहून घ्या.

गाडीच्या विम्यात माल येत नाही. काच, इलेक्ट्रॉनिक वस्तू, औषधं असा महाग माल भाड्याने नेत असाल तर मालाचा विमा कोणाचा, हे भाडं ठरवतानाच बोला. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरचा करपात्र माल असेल तर ई-वे बिल व्यापाऱ्याकडून घेतल्याशिवाय निघू नका. ताज्या भाजीपाल्याला ते लागत नाही.

अपघात झाला तर जखमींना आधी दवाखान्यात पोचवा. मग जागेवरचे फोटो, पोलिसांत नोंद, विमा कंपनीला फोन. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू नका. दावा न केल्याची सवलत पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. विमा संपून ९० दिवस उलटले की ती सगळी जाते. चार-पाच हजारांच्या नुकसानीसाठी दावा करण्याआधी पुढच्या वर्षीची सवलत किती बुडेल, ते एजंटाकडून आकड्यात काढून घ्या.

हौद्यात माणसं नकोत

जत्रा, वऱ्हाड, कांदा काढणीच्या बाया, सगळ्यांना पिकअपच सोयीची वाटते. शेजाऱ्याने मागितली की नाही म्हणवत नाही, हे मला समजतं. तरीही नाही म्हणा.

मालवाहू गाडीच्या मागे फुकट किंवा भाड्याने बसवलेल्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांपूर्वीच स्पष्ट केलं आहे. म्हणजे वळणावर गाडी कलंडली आणि मागे पंधरा जण असतील, तर पंधरा कुटुंबांची भरपाई मालकाच्या जमिनीवर आणि घरावर येते. त्या माणसांचं जे होतं ते वेगळंच. हौद्यात धरायला काही नसतं, उभ्या माणसांमुळे गाडीचा तोल वर जातो आणि माल बांधता येतो तसं माणसांना बांधता येत नाही.

मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस केबिनमध्ये बसला असेल तर त्याला संरक्षण आहे. केबिनमध्ये आरसीवर लिहिलेली आसनं तेवढीच माणसं. शेतावर मजूर न्यायचे असतील तर प्रवासी परवान्याची गाडी सांगा. ते भाडं मजुरीच्या खर्चातच धरा.

पहिल्या भाराआधी आणि नंतर

सर्व्हिस बुकात पहिलं काही अंतर बेताने चालवायला सांगितलेलं असतं. तेवढे दिवस पूर्ण भार आणि एकसारखा वेग दोन्ही टाळा. हंगामाच्या तोंडावर गाडी घेणाऱ्यांना हे जमत नाही, म्हणून शक्य तर हंगामाच्या महिनाभर आधी ताबा घ्या.

पहिला मोठा भार वाहून आल्यावर चाकाचे नट आणि पाट्यांचे यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवीन लोखंड भाराखाली बसतं आणि थोडी ढिलाई येते. आमच्याकडचा एक जुना ड्रायव्हर आवळलेल्या प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारताना रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे पाना न लावता कळतं. पाच रुपयांचा रंग पुरतो. मी हे तेव्हापासून प्रत्येक गाडीवर करतो.

टायरची हवा दारालगतच्या स्टिकरवर दिलेली असते. पुढची वेगळी, मागची वेगळी, आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीची वेगळी. भाराची हवा भरून रिकामी गाडी पावसात पळवली तर मागची चाकं उड्या मारतात आणि ब्रेक लावताच मागचा भाग बाजूला सरकतो. रिकामी पिकअप सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. पावसाळ्यात परतीच्या रिकाम्या फेरीला वेग उलट कमी ठेवा.

दर आठवड्याला एवढं पाहा:

- इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. सकाळी, गाडी थंड असताना आणि सपाटीवर.
- पाट्याला तडा, शॅकलची ढिलाई. एखादं पान सरकलेलं दिसलं तर माल भरू नका.
- प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि ग्रीसचे निपल. चिखलातून फिरणाऱ्या गाडीला ग्रीसिंग लवकर लागतं.
- एअर फिल्टर. वाळू, माती, भुसा वाहत असाल तर पुस्तकातल्या मुदतीची वाट पाहू नका.
- डिझेल फिल्टरमधलं पाणी, गाडीला काढायची सोय असेल तर.

वॉरंटीत असताना सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरला किंवा महिन्याला, जे आधी येईल तेव्हा करा आणि बिलं जपा. जादा दिवे, हॉर्न, म्युझिक यासाठी वायरिंग कापू नका. पुढे कुठलाही विजेचा बिघाड झाला की पहिलं बोट त्या तारेकडे दाखवलं जातं.

बीएस-६ डिझेल

धूर गाळणारा डीपीएफ सायलेन्सरच्या मार्गात असतो. गाडी दिवसभर गल्लीबोळांत, दोन-दोन किलोमीटर फिरली तर त्यात काजळी साठते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात गाडी चालवा. बहुधा तेवढ्याने ती काजळी जळून जाते. दिवा दुर्लक्षून तसंच दामटलं तर काम कार्यशाळेत जातं आणि खर्च मोठा येतो. डीपीएफ असलेल्या गाडीचं ऑइलही वेगळ्या प्रतीचं असतं, बाजारातलं स्वस्त कुठलंही चालत नाही.

तुमच्या मॉडेलला डीईएफ, म्हणजे धूर शुद्ध करणारा द्रव, लागत असेल तर त्याची टाकी निराळी, झाकण निळं. ते डिझेलच्या टाकीत पडलं तर किल्ली फिरवू नका. गाडी सुरू न करता टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

हौद्याचा गंज

माझ्या चुलतभावाने नव्या गाडीच्या हौद्यात कौतुकाने जाड रबरी मॅट टाकली. ओरखडे पडू नयेत म्हणून. टोमॅटोचा हंगाम संपला, पाऊस सरला आणि दिवाळीत गाडी धुताना मॅट उचलली. खाली फुटलेल्या टोमॅटोचा वाळलेला रस, त्यावर माती, आणि पत्र्याला फोड आलेले. नखाने खरवडलं तर तांबूस पापुद्रा निघाला. पाणी जायची भोकं मॅटने बंद झाली होती. आंबट रस चार महिने पत्र्यावर मुरत राहिला.

मॅट जरूर टाका, पण भोकांच्या जागी कापून, आणि आठवड्याला उचलून खाली धुवा. लाकडी फळ्या टाकायच्या तर खाली पट्ट्या ठेवून हवा खेळू द्या. मासळी, मीठ, खत, कोंबडीखत वाहिलं की त्याच दिवशी पाणी मारा. मालवण, रत्नागिरी, हर्णै, वेंगुर्ला भागातल्या गाड्यांना तर खारी हवा बसल्याजागी खाते. तिथे गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट कोटिंग पहिल्या पावसाळ्याआधी करून घ्या आणि दरवर्षी एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा. ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात प्रायमर आणि रंग लावा.

ताडपत्री हौद्याच्या मापाची शिवून घ्या. दोर हौद्याच्या कड्यांनाच बांधा, बंपरला किंवा नंबरप्लेटच्या पट्टीला नको.

घाट

कसारा, खंबाटकी, माळशेज, आंबोली, करूळ: भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढ चढेल त्याच गिअरमध्ये तो उतार उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर लायनर तापतात आणि शेवटच्या वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला तर जागा पाहून थांबा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायची सवय ड्रायव्हरला असेल, तर ती पहिल्याच आठवड्यात मोडा.

तक्रार कुठे, हक्क कोणता

नव्या गाडीत दोष निघाला आणि कार्यशाळा दाद देत नसेल, तर प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. “जनरल चेकअप” एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे काही उपयोगाचं नाही. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग.

“पिकअप व्यापारी गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही,” असं उत्तर आलं तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. स्वतः गाडी चालवणारा एका पिकअपचा मालक ग्राहक ठरतो. गाडी पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्याची बाजू मात्र कमजोर पडते, म्हणून तक्रारीत आपण स्वतः चालवतो आणि हेच उपजीविकेचं साधन आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. तक्रार दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते.

विमा कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही नको. थोडा जादा माल होता एवढ्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा पूर्ण दावा उडवला गेला असेल तर भांडा. अशा प्रकरणांत मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याची रीत न्यायालयांनी उचलून धरली आहे.

हप्ते थकले तर वित्त कंपनीने आधी नोटीस द्यायला हवी. वसुलीच्या माणसांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, आणि रस्त्यात गुंड आणून गाडी ओढून नेणं बेकायदेशीर आहे. असं झालं तर ११२ ला फोन करा आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. पण दोन हप्ते चुकणार असं दिसताच स्वतः कंपनीकडे जाऊन मुदत मागा आणि अर्जाची पोच घ्या. गाडी लपवून ठेवल्याने व्याज आणि दंड चालूच राहतात.

शेवटचा हप्ता भरल्यावर आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या, परिवहन संकेतस्थळावर किंवा आरटीओत अर्ज करा, आणि नवीन आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या.